इसामाल

इसामाल : मेक्सिकोच्या युकातान राज्यातील एक लहान शहर. राज्याची राजधानी मेरिदा हिच्या पूर्वेस सुमारे ७० किमी. प्राचीन माया तीर्थक्षेत्र, सोळाव्या शतकातला फ्रान्सिस्कन मठ आणि पिवळ्या भिंतींची नांदती वस्ती यांसाठी प्रसिद्ध. युकातानात फिरणारे लोक बहुधा एक दिवस अवशेषांना आणि एक दिवस वसाहतकालीन शहराला देतात. इसामालला अशी वाटणी करता येत नाही. इथे देवळाचा चौथरा मठाच्या पायाखाली आहे आणि देवळाचे दगड मठाच्या भिंतीत आहेत.

इसवी सनापूर्वीच्या शतकांपासून इथे वस्ती होती. युकातानचा हा भाग तळहातासारखा सपाट आहे, नदी नाही, डोंगर नाही. त्यामुळे गावातले उंचवटे दिसले की ते माणसाने रचलेले असणार, हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘टेकड्यांचे शहर’ हे गावाचे जुने बिरुद याच टेकाडांवरून आले. त्यांतले सर्वांत मोठे किनिच काक मो. पायथा सुमारे २०० मीटर लांब, १८० मीटर रुंद. उंची सुमारे ३५ मीटर. खाली प्रचंड चौथरा, त्यावर मोकळे पटांगण आणि पटांगणाच्या टोकाला दुसरा, लहान पिरॅमिड. नावात सूर्य, अग्नी आणि मकाव पक्षी आहेत. भर दुपारी हा अग्निपक्षी आकाशातून उतरून नैवेद्य जाळतो, अशी श्रद्धा होती. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बाराला वर उभे राहिले की या श्रद्धेचा उगम शोधायला फार लांब जावे लागत नाही.

गावाचे नाव इत्सामना या देवाशी जोडतात. त्यातल्या ‘इत्स’चा अर्थ दव, झिरपणारा रस. देहान्तानंतर त्याचे अवयव वेगवेगळ्या टेकाडांखाली ठेवले गेले, असे स्थलपुराण आहे. काबुल नावाचे टेकाड हे त्याच्या हाताचे स्थान. आजारी माणसांना तिथे आणत, कारण त्या हाताच्या स्पर्शाने बरे वाटे. यात्रेकरू येत ते ‘सकबे’वरून, म्हणजे चुन्याचा मुलामा दिलेल्या उंच पांढऱ्या रस्त्यावरून. असा एक रस्ता पश्चिमेला आके या गावापर्यंत जात होता. पुढे चिचेन इत्सा हे दुसरे माया शहर वरचढ झाले आणि इसामालचा राजकीय दरारा ओसरला. यात्रा मात्र थांबली नाही. स्पॅनिश आले तेव्हाही हे क्षेत्र जागते होते.

मठासाठी हीच जागा निवडली गेली याचे कारण तेच. सान आन्तोनियो दे पादुआ मठ पाप होल चाक या टेकाडावर उभा आहे. वरचे देऊळ उतरवले, चौथरा तसाच ठेवला. १५६१ पर्यंत मुख्य बांधकाम झाले होते. पुढच्या अंगणाला ७५ कमानींची ओवरी आहे. हे अंगण आकाराने रोममधल्या संत पीटरच्या चौकाखालोखाल असल्याचे इथे अभिमानाने सांगतात. चढून येण्यासाठी जे उतार आहेत, ते चढताना आपण अजूनही पिरॅमिडच चढत असतो.

या मठाशी जोडलेले नाव दिएगो दे लान्दा (१५२४–१५७९). १५४९ मध्ये तो तरुण धर्मोपदेशक म्हणून युकातानात आला. १२ जुलै १५६२ रोजी मानी या गावी त्याने मायांच्या मूर्ती आणि पोथ्या जाहीरपणे जाळल्या. त्याआधी कबुलीजबाबासाठी लोकांचा छळ झाला. आज मायांच्या चारच पोथ्या जगात उरल्या आहेत. अधिकार ओलांडल्याच्या आरोपावरून लान्दाला स्पेनला जावे लागले. तिथे सुमारे १५६६ मध्ये त्याने मायांचे सण, पंचांग, शेती, इसामालच्या इमारती यांची सविस्तर माहिती लिहून काढली. तो दोषमुक्त ठरला आणि १५७३ मध्ये बिशप होऊन परतला.

त्याच्या लिखाणाची एक नक्कल १८६२ मध्ये माद्रिदला सापडली. तीत मायांची ‘वर्णमाला’ होती, पण ती लावून काहीच वाचता येईना. लान्दाने आपल्या माहितगाराला स्पॅनिश अक्षरांची नावे उच्चारून चिन्हे मागितली होती, आणि त्याने ऐकू आले ते लिहून दिले. ‘ब’साठी स्पॅनिशमध्ये म्हणतात ‘बे’. माया भाषेत ‘बे’ म्हणजे रस्ता (सकबेमधला तोच), म्हणून त्याने पावलाचा ठसा काढला. ही चिन्हे सुट्या ध्वनींची नव्हती, स्वरासह व्यंजनाची होती. बाराखडी गिरवलेल्या माणसाला हे लगेच पटेल. सोव्हिएत अभ्यासक युरी क्नोरोझोव याने १९५२ मध्ये हा धागा पकडला आणि वाचनाचा मार्ग खुला झाला. पोथ्या जाळणाऱ्याच्याच टिपणातून उरलेल्या लिपीची किल्ली मिळाली. इसामालमध्ये लान्दाचा पुतळा आहे. त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहायचे हे गावाचेही ठरलेले दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशांनी इसामालला बाहेरच्या जगात पोहोचवले. अमेरिकन वकील जॉन लॉइड स्टीफन्स आणि इंग्रज चित्रकार फ्रेडरिक कॅदरवुड इथे आले आणि कॅदरवुडने काबुलच्या पायथ्याशी असलेला चुनेगच्चीचा भव्य चेहरा चितारला. चित्र १८४४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात चेहऱ्याखाली शिकारी आणि जग्वारही आहेत. फ्रेंच प्रवासी देझिरे शार्ने याने १८६० च्या सुमारास त्याचे छायाचित्र घेतले. शार्नेचे नाव एकट्याचे घेतले जाते, पण त्याचा अवजड कॅमेरा, काचा आणि रसायने हमालांच्या आणि खेचरांच्या पाठीवरून जात. त्या हमालांची नावे सहसा कुठे येत नाहीत. तो चेहरा आज जागेवर नाही. चित्र आणि छायाचित्र आहे म्हणून तो होता हे कळते, एवढेच.

आजच्या एकट्या प्रवाशाला हमाल लागत नाही. मेरिदाहून बसने दीडेक तासात पोहोचता येते. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या माया रेल्वेचेही इथे स्थानक आहे. वाटेत घायपाताच्या जातीतल्या हेनेकेनचे जुने मळे लागतात. त्याच्या दोरांवर एकेकाळी युकातानचे जमीनदार गब्बर झाले. गावातल्या रस्त्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत, उत्तर-दक्षिण सम आणि पूर्व-पश्चिम विषम, त्यामुळे चुकायचे म्हटले तरी जमत नाही. चौकात घोडागाड्या उभ्या असतात आणि त्यांना म्हणतात ‘व्हिक्टोरिया’, जुन्या मुंबईत म्हणत तसेच. त्यात बसण्याची मात्र गरज नाही. गाव पायी संपते.

घरांचा पिवळा रंग १९९३ मधल्या पोप दुसरे जॉन पॉल यांच्या भेटीशी जोडून सांगतात. काही टेकाडे घरांच्या परसात आहेत. कोंबड्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे अचानक पायऱ्या दिसतात. चिचेन इत्साच्या मुख्य पिरॅमिडवर आता चढू देत नाहीत, किनिच काक मोवर लोक चढत आले आहेत. सकाळी लवकर जावे, वर सावली नाही. क्षितिजापर्यंत झुडपी रान आणि मध्ये समोर मठ. बाजारात ग्राहकाशी स्पॅनिशमध्ये बोलणाऱ्या बायका आपसांत माया भाषेतच बोलतात. मठाच्या चर्चच्या मुख्य दाराशी भिंतीत बसवलेला एक दगड आहे, त्यावर भुलभुलैयासारखी माया नक्षी आहे. आत जाण्याच्या घाईत तो राहून जातो.