मुंबई उच्च न्यायालयाची अपीलेट साइड: कागदांवर उभा राहिलेला व्यवसाय

मुंबई उच्च न्यायालयात जे वकील आजही ‘अपीलेट साइडचे वकील’ म्हणून ओळखले जातात, त्यांच्या व्यवसायाची मुळे मुंबई शहरात नसून मुफस्सलात, म्हणजे शहराबाहेरच्या जिल्ह्यांत आणि तालुक्यांत आहेत; ही गोष्ट ध्यानात घेतली नाही तर उच्च न्यायालयाच्या एकाच इमारतीत शंभराहून अधिक वर्षे दोन वेगळ्या वकिली परंपरा का नांदल्या, याचा उलगडा होत नाही. शहरासाठी १८२४ मध्ये सुप्रीम कोर्ट सुरू झाले होते. ते राजाच्या सनदेने चाले आणि तिथे बॅरिस्टर इंग्लिश कायद्याच्या रिवाजाप्रमाणे काम चालवीत. शहराबाहेरचा न्याय मात्र कंपनी सरकारच्या अदालतींकडे होता आणि या अदालतींच्या शिखरावर दिवाणी कामासाठी सदर दिवाणी अदालत, तर फौजदारी कामासाठी सदर फौजदारी अदालत होती. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२७ मध्ये जी रेग्युलेशने मंजूर झाली, त्यांतील दुसऱ्या रेग्युलेशनाने या दिवाणी अदालतींची घडण ठरवली आणि वकिलांच्या सनदांविषयीही तरतुदी केल्या. अपिलाच्या वकिलाचा जन्म या सदर अदालतीत झाला.

पार्लमेंटच्या १८६१ च्या कायद्यानुसार १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले, तेव्हा सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालती त्यात विलीन झाल्या. परंतु त्यांच्यातील शिवण मिटली नाही. शहरातील मोठे दावे पहिल्यापासून चालवणारी शाखा ‘ओरिजिनल साइड’ झाली, तिथे पक्षकाराने आधी सॉलिसिटर गाठायचा आणि सॉलिसिटरने बॅरिस्टर किंवा अॅडव्होकेट उभा करायचा, अशी दुहेरी पद्धत होती. जिल्ह्यांतून येणारी अपिले ऐकणारी शाखा ‘अपीलेट साइड’ झाली आणि तिथे वकील पक्षकाराला स्वतः भेटे, वकालतनामा स्वतः घेई, अपिलाचा मसुदा स्वतः लिही आणि न्यायाधीशांसमोर युक्तिवादही स्वतःच करी. फी कमी, मान कमी, पण कामाची सगळी सूत्रे एकाच हाती, असा हा व्यवसाय होता. सॉलिसिटरच्या ओळखीशिवाय ज्यांना ओरिजिनल साइडवर पाऊल ठेवणे कठीण होते, अशा मराठी, गुजराती आणि कानडी मध्यमवर्गातील तरुणांना हेच दार उघडे होते.

या व्यवसायाचे वेगळेपण त्याच्या साधनात आहे. खालच्या न्यायालयातला वकील साक्षीदाराला प्रश्न विचारतो, त्याचा चेहरा पाहतो, नवा पुरावा दाखल करतो. अपिलाच्या वकिलाजवळ मात्र बहुतेक वेळा कागदांखेरीज काहीच नसते. फिर्याद, कैफियत, निशाणी पडलेले दस्तऐवज, जबान्या आणि निकालपत्र, एवढ्यावरच त्याला खालच्या न्यायाधीशाची चूक दाखवावी लागते किंवा निकाल टिकवावा लागतो. १८५९ च्या पहिल्या दिवाणी कार्यपद्धती कायद्यात ‘स्पेशल अपील’ म्हणून आलेली आणि पुढे ‘दुसरे अपील’ म्हणून रूढ झालेली तरतूद तर आणखी अरुंद होती: पहिल्या अपिलात घटनांचा आणि कायद्याचा, दोन्हींचा फेरविचार होऊ शके, परंतु दुसऱ्या अपिलात घटनांविषयीचा निष्कर्ष जवळजवळ अंतिम मानला जाई आणि वाव उरे तो कायद्याच्या प्रश्नाला. ज्याला आपल्या पक्षकाराची तक्रार कायद्याच्या प्रश्नाच्या रूपात मांडता येत नसे, त्याचे अपील दाखल होतानाच निकालात निघे.

मुंबई इलाख्यातून येणारे हे कागद मराठी, गुजराती आणि कानडीत असत, त्यांतील जुनी गहाणखते, वाटपपत्रे आणि इनामाच्या सनदा मराठी मुलखात बहुधा मोडी लिपीत असत, आणि न्यायासनावर बसलेले न्यायाधीश सुरुवातीच्या काळात जवळजवळ सगळे इंग्रज होते. उच्च न्यायालयाचे भाषांतरकार इंग्रजी तर्जुमा करून देत, पण एखाद्या खतातील ‘वंशपरंपरेने’ किंवा ‘निर्वेध’ या शब्दाचा भार तर्जुम्यात उतरला आहे की नाही, हे मूळ कागद वाचू शकणाऱ्या वकिलालाच सांगता येई. ही योग्यता इंग्लंडात शिकून आलेल्या बॅरिस्टरजवळ सहसा नव्हती, आणि अपीलेट साइडच्या वकिलांची खरी ताकद तीच होती.

हिंदू कायद्याचे प्रश्न आले की या ताकदीला संस्कृतची जोड लागे. दत्तक, वारसा आणि वाटणी यांबाबत महाराष्ट्रात मुख्यतः विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरे’ला, तर गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’ला प्राधान्य होते, त्यामुळे कोणत्या गावचा वाद कोणत्या ग्रंथाने सुटायचा, हाच पुष्कळदा अपिलाचा मुद्दा असे. दापोलीजवळच्या मुरूडचे विश्वनाथ नारायण मंडलिक (१८३३–१८८९) उच्च न्यायालयाच्या आरंभकाळापासून अपीलेट साइडवर वकिली करीत आणि पुढे सरकारी वकील झाले. त्यांनी १८८० मध्ये ‘व्यवहारमयूख’ आणि ‘याज्ञवल्क्यस्मृती’ यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. तोच धागा पांडुरंग वामन काणे यांनी पुढे नेला. १९११ मध्ये उच्च न्यायालयात वकिली सुरू केलेल्या काण्यांनी ‘व्यवहारमयूखा’ची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा पाच खंडांचा ग्रंथ पुरा केला, ज्यासाठी १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. हा ग्रंथ केवळ पंडिताचा नाही. वचनांची छाननी कशी करावी, परस्परविरोधी आधार समोरासमोर कसे ठेवावेत, याची जी सवय त्यात पानोपानी दिसते, ती अपिलाच्या वकिलाची सवय आहे.

न्यायासनाकडे जाणारी वाटही याच शाखेतून निघाली. १८६१ च्या कायद्याने दहा वर्षे काम केलेल्या वकिलालाही उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र ठरवले होते, आणि मुंबईत या न्यायासनावर बसलेले पहिले भारतीय, नानाभाई हरिदास, हे अपीलेट साइडचेच वकील होते. प्रथम १८७३ मध्ये हंगामी आणि १८८४ मध्ये कायम, अशी त्यांची नेमणूक झाली. १९०१ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या निधनानंतर त्यांच्या जागी आलेले नारायण गणेश चंदावरकरही या शाखेतलेच. सातारचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर १९२६ मध्ये अपीलेट साइडवर आले, १९४५ मध्ये न्यायाधीश झाले आणि १९६४ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले.

एकाच कागदपत्रांतून दोन न्यायालये किती वेगळा अर्थ काढू शकतात, याचे मराठी वाचकांना परिचित उदाहरण ताईमहाराज या विधवेच्या दत्तकप्रकरणाचे आहे. लोकमान्य टिळक आणि तिच्या पतीच्या मृत्युपत्राचे इतर विश्वस्त यांनी औरंगाबाद येथे १९०१ मध्ये झालेले जगन्नाथ महाराजांचे दत्तकविधान खरे असल्याचा दावा केला. पुण्याच्या न्यायालयाने १९०६ मध्ये तो मान्य केला, उच्च न्यायालयाने १९१० मध्ये तो निकाल फिरवला आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या वेळच्या अखेरच्या अपील न्यायालयाने, १९१५ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून टिळकांच्या बाजूने निर्णय दिला. उच्च न्यायालयाचा निकाल देणाऱ्यांत चंदावरकर होते, ज्यांचे वकिलीतले आयुष्य अशाच कागदांच्या वाचनात गेले होते. अनुभवी वाचकाचे वाचनही चुकू शकते, म्हणूनच अपिलावर अपील असते.

दुसऱ्या अपिलाची अरुंद वाट किती मोठ्या प्रश्नापर्यंत जाऊ शकते, हे महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे ग्रेज इनचे बॅरिस्टर. तरीही १९२३ पासून त्यांनी अपीलेट साइडवर वकिली केली, कारण सॉलिसिटरांच्या मेहेरबानीवर चालणारी ओरिजिनल साइड अस्पृश्य बॅरिस्टरला काम देणारी नव्हती. तळ्याच्या दाव्यात मात्र ते प्रतिवादी होते. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या काही सवर्णांनी दावा लावला की तळे त्यांच्या मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची वहिवाट अनादिकालापासूनची आहे. महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये दावा फेटाळला, ठाण्याच्या न्यायालयाने अपील फेटाळले, आणि दुसरे अपील उच्च न्यायालयात आले. कायद्याच्या दृष्टीने वहिवाट बंधनकारक ठरायची तर ती प्राचीन, अखंड, निश्चित आणि वाजवी असावी लागते, आणि सिद्ध झालेल्या घटना या कसोट्यांना उतरतात की नाही, हा कायद्याचा प्रश्न असल्याने दुसऱ्या अपिलात तो उघडता येतो. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी अनादिकालाची वहिवाट सिद्ध झालेली नाही, असे ठरवून अपील फेटाळले. ती सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का, याचा विचार कदाचित करावा लागला असता, असे त्यांनी नोंदवले. अस्पृश्यता अन्याय्य आहे, असे हे निकालपत्र म्हणत नाही. या तळ्याचे पाणी घेतल्याबद्दल ज्यांनी लाठ्या खाल्ल्या होत्या, त्यांना न्यायालयाने दिले ते पुराव्याच्या भाराबद्दलचे एक कोरडे उत्तर. पण पाण्याचा हक्क त्या उत्तराने टिकला, आणि अपिलाच्या व्यवसायाचे बळ आणि मर्यादा इतक्या स्पष्टपणे एकत्र दाखवणारा दुसरा निकाल मुंबईच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

दोन शाखांतील वकिलांमधला भेद हळूहळू पुसला गेला. १९२६ च्या बार कौन्सिल कायद्याने वकील आणि बॅरिस्टर यांच्यातील दर्जाचे अंतर कमी केले, १९६१ च्या अॅडव्होकेट्स कायद्याने सर्वांना ‘अॅडव्होकेट’ हे एकच नाव दिले, आणि सॉलिसिटरमार्फतच काम घेण्याची सक्ती १९७७ च्या आरंभी संपली. न्यायालयाचे काम मात्र अजूनही दोन शाखांत आणि दोन नियमावलींखाली चालते. नकाशावर ही अपिले आता विखुरली आहेत: नागपूर, औरंगाबाद आणि गोवा येथील खंडपीठांनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे काम त्याच्याकडे गेले आहे. मंडलिक आणि काणे ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला आले, त्या जिल्ह्याची अपिले आता कोल्हापुरात चालतात.