पेनड्राइव्हमधलं मॅटलॅब आणि पहिल्या पानावरचं नाव

आज तुम्हाला माझ्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर घेऊन जातो.

साल 2013, दुष्काळाचं. गावाच्या पाटीवर तेव्हा उस्मानाबादच होतं, धाराशिव नंतर झालं. होस्टेलवर दोन गोष्टींची वाट बघायची: पाण्याचा टँकर आणि क्रॅक केलेल्या मॅटलॅबचा पेनड्राइव्ह. लायसन विकत घेणं सोयाबीनच्या पैशात बसत नव्हतं. चोरीचं वापरतोय हे माहीत होतं, पण त्यावर कुणी बोलायचं नाही. व्हायवाच्या आदल्या रात्री त्याच पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि माझा प्रोजेक्ट रिपोर्टसकट गेला.

गंमत सांगू? हे मॅटलॅब सुरुवातीला फुकटच वाटलं जायचं. क्लीव्ह मोलर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं 1970च्या दशकाच्या शेवटी ते आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलं, म्हणजे पोरांना फोरट्रान न शिकता मॅट्रिक्सची गणितं करता यावीत. कंपनी आली ती 1984 साली. पुढे फ्रान्समधल्या इन्रिया या सरकारी संशोधन संस्थेतून सायलॅब आलं. कामं बरीचशी तीच, पण मोफत आणि सोर्स कोड उघडा.

आपल्याकडे ते पोचवलं आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पानं. पैसा केंद्र सरकारचा, पुढाकार केमिकल इंजिनिअरिंगचे प्रा. कन्नन मौद्गल्य यांचा. त्यांच्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये दहाएक मिनिटांचे व्हिडिओ असतात. आवाज मराठीत, स्क्रीनवरचं सगळं इंग्रजीत. मला आधी हे अर्धवट वाटलं होतं. पण नोकरीत समोर येणार ते इंग्रजी मेन्यूच, समजून घ्यायचं मात्र आपल्या भाषेत. आता वाटतं, डोकं लावून केलंय.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते 'टेक्स्टबुक कंपॅनियन'. एखादं नावाजलेलं पुस्तक घ्यायचं आणि त्यातल्या सोडवलेल्या प्रत्येक उदाहरणाचा सायलॅब कोड लिहायचा. हे लिहिणारे बहुतेक विद्यार्थीच, देशभरातल्या कॉलेजांतले. मानधनही मिळायचं. कोड तपासला जायचा, उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही की परत. पुस्तकातला मजकूर मात्र घ्यायचा नाही, त्यामुळे कोड मोफत असला तरी पुस्तक जवळ लागतंच. लायब्ररीत त्याची एकच प्रत असेल तर रांग आलीच! तरी असे शेकडो कंपॅनियन तयार झाले आणि कुणालाही डाउनलोड करता येतात.

आमच्या खोलीत दोघांनी सुरुवात केली. मी तिसऱ्या धड्यावर सोडलं, कारण माझे कोड सारखे परत यायचे आणि मला राग यायचा. रूममेट परंड्याकडचा, चिवट. त्याचेही परत यायचे. तो रात्री दोनला उठून पुन्हा चालवायचा, कारण तेव्हा नेट जरा बरं असायचं.

या पीडीएफच्या पहिल्या पानावर तयार करणाऱ्याचं नाव, ब्रँच आणि कॉलेज छापलेलं असतं. त्यानं ते पान चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत काढून गावी नेलं. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी पानावर बोट फिरवत विचारलं, "ह्यात तुझं नाव कुठलं रं?"