आधी कोणता जोड?

नागपूरच्या कामठी मार्गावर गड्डीगोदाम येथे एकावर एक चार वाटा आहेत : रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो. तेथे रेल्वेमार्ग ओलांडणारा पोलादी सांगाडा सुमारे ८० मीटर लांब आणि १,६५० टन वजनाचा आहे. २०२२ पासून त्यावरून मेट्रो धावते. त्याचे भाग जागेवर बोल्टांनी जोडले आहेत; पण असे भाग मुळात कारखान्यात जाड प्लेटांना वेल्डिंग करून घडवतात. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, तेव्हाचे लोखंडी पूल मात्र रिव्हेटांचे असत. रिव्हेटकडून वेल्डिंगकडे आपण कसे आलो?

बेनार्दोस आणि ओल्शेव्स्की यांनी १८८५ साली विद्युत्-ठिणगीने धातू सांधण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे रिव्हेटांची भोके टळली, वजन वाचले. पण एक नवी अडचण आली. एक मीटर पोलाद १०० अंश सेल्सिअसने तापले, तर सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. वेल्डिंगमध्ये जोडाची जागा वितळते, शेजारचे पोलाद मात्र त्या मानाने थंडच असते. निवताना जोड आकसू पाहतो, शेजारचा भाग त्याला आकसू देत नाही. मग एकतर वस्तू वाकते, नाहीतर ताण आत कोंडून राहतो.

१४ मार्च १९३८ रोजी बेल्जियममधील हासेल्ट येथे आल्बर्ट कालव्यावरचा वेल्डिंगचा पूल थंडीच्या सकाळी तडकला आणि काही मिनिटांत कोसळला. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्यालाच दुभंगले. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद, सदोष जोड आणि कोंडलेला ताण या सर्वांचा अशा अपघातांशी संबंध होता. रिव्हेटांच्या बांधणीत तडा बहुधा एका प्लेटेच्या कडेशी थांबे. सलग वेल्डिंगमध्ये त्याला पुढे वाट मिळे.

तेव्हापासून वेल्डिंगच्या क्रमाला महत्त्व आले. आय आकाराची तुळई घ्या. मध्ये एक उभी पट्टी, वर व खाली एकेक आडवी पट्टी, आणि चार लांब जोड. खालच्या पट्टीचे दोन्ही जोड आधी पुरे केले, तर ते आकसून तुकडा बाकदार होतो. नंतर वरचे जोड त्याला उलट ओढतात. पण वरची पट्टी बसल्याने तुळई आता अधिक ताठ झालेली असते आणि पहिला बाक पूर्ण निघत नाही. म्हणून कारागीर समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून-पालटून जोड देतात, मधून टोकांकडे जातात आणि जास्त आकसणारे जोड भाग मोकळे असतानाच घेतात. शिकंजात घट्ट आवळून काम केले, तर बाक कमी दिसतो, पण आतला ताण वाढतो. क्रमाने ताण नाहीसा होत नाही. तो कोठे आणि कसा वाटला जाईल, एवढेच ठरते.

वर्गात हे पाहता येईल. पातळ पुठ्ठ्याच्या तीन सारख्या पट्ट्या घ्या. पहिलीला एकाच बाजूला दाट खळ लावा, दुसरीला दोन्ही बाजूंना एकदमच. तिसरीची एक बाजू वाळल्यावर दुसरीला लावा. सर्व वाळल्यावर विद्यार्थ्यांना बाक मोजायला सांगा. दुसऱ्या व तिसऱ्या पट्टीत खळ सारखीच आहे. वेगळा आहे तो फक्त क्रम.