रिपोर्ट नॉर्मल, तरी छातीत धडधड का होते? आणि अशा वेळी करायचं काय?

रात्रीचे दोन वाजलेत. घरात सगळे झोपलेत. तुम्ही डाव्या कुशीवर वळता आणि अचानक छातीत धस्स होतं. एक ठोका चुकल्यासारखा वाटतो, पुढचा जोरात बसतो, मग धडधड सुरू. हात आपोआप मनगटावरच्या नाडीकडे जातो. तुम्ही उठून बसता, पाणी पिता, मोबाईल उघडून शोधू लागता. वाचून धडधड आणखी वाढते.

सकाळी तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी निघतो. नॉर्मल. भंडाऱ्याला जाऊन इको होतो. नॉर्मल. नातेवाईक म्हणतात, एकदा नागपूरला दाखवून या. साठेक किलोमीटर जाऊन तिथेही तेच उत्तर मिळतं: "काही नाही, टेन्शन घेऊ नका." घरी परतता आणि त्याच रात्री पुन्हा धस्स होतं.

मग प्रश्न पडतो. डॉक्टरांचं काही चुकलं, की आपल्यालाच भास होतोय? बहुतेक वेळा दोन्ही नसतं. धडधड खरी असते आणि रिपोर्टही खरा असतो. हे एकाच वेळी कसं शक्य आहे, ते समजून घेऊ.

'नॉर्मल' म्हणजे नेमकं काय?

मिनिटाला ७२ ठोके धरले तर हृदय दिवसात एक लाखाहून जास्त वेळा धडकतं. साधा ईसीजी साधारण १० सेकंदांची नोंद घेतो, म्हणजे जेमतेम बारा ठोके. त्या वेळी धडधड होत नसेल, तर ती कागदावर दिसणार नाही.

पण म्हणून ईसीजी वाया गेला असं नाही. हृदयातल्या विजेच्या वाटा जन्मतः सदोष आहेत का, जुन्या झटक्याची खूण आहे का, हे त्यात बऱ्याचदा कळतं. इकोमध्ये हृदयाची रचना, झडपा आणि पंपाची ताकद दिसते. हे दोन्ही नॉर्मल असतील आणि चक्कर येऊन पडणं, घरात कुणाचा लहान वयात अचानक मृत्यू असा इतिहास नसेल, तर धोकादायक कारणाची शक्यता बरीच कमी होते. 'नॉर्मल रिपोर्ट'चा खरा अर्थ एवढाच.

मग धस्स कशाने होतं?

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे 'जादा ठोका'. हृदयाचा एखादा ठोका वेळेआधी पडतो. त्यानंतर हृदय क्षणभर थांबतं, तेवढ्यात त्यात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आपल्याला जाणवतो तो हा थांबा आणि हा जोराचा ठोका. अगदी निरोगी माणसांना दिवसभर मशीन लावून बघितलं, तरी बहुतेकांत असे काही ठोके सापडतात. फरक एवढाच की काहींना ते जाणवतात, काहींना नाही.

दुसरं कारण म्हणजे ॲड्रेनॅलिन. भीती, राग, जागरण, ताप, उपाशीपोट यांपैकी कशानेही हे रसायन वाढतं आणि नाडी पळू लागते. अशी धडधड हळूहळू चढते, हळूहळू उतरते.

रात्रीच जास्त का जाणवतं? कारण घर शांत असतं, मन कशात गुंतलेलं नसतं आणि डाव्या कुशीवर झोपलं की हृदय छातीच्या भिंतीला जास्त टेकतं. ठोके बहुधा तेवढेच असतात, ऐकू जास्त येतात.

आधी रोजच्या गोष्टी तपासा

'काही नाही' हे उत्तर स्वीकारण्याआधी पूर्व विदर्भातल्या रोजच्या जगण्यातली ही कारणं बघायलाच हवीत.

*खर्रा.* सुपारी, तंबाखू आणि चुना. तंबाखूतलं निकोटिन ॲड्रेनॅलिन वाढवतं, नाडी आणि रक्तदाब चढवतं. सुपारीतलं ॲरेकोलिनही मज्जासंस्थेवर काम करतं. दिवसाला चार-पाच पुड्या खाणाऱ्याने धडधडीचं कारण इतरत्र शोधण्याआधी खिशात बघावं. अनेकजण डॉक्टरांना "काही व्यसन नाही" असं सांगतात, कारण खर्रा त्यांना व्यसन वाटतच नाही. तो आवर्जून सांगा. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे.

*रक्त कमी असणं.* हिमोग्लोबिन कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त वेळा धडकावं लागतं. बाईमध्ये १२ च्या खाली, पुरुषात १३ च्या खाली आणि गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाणही लक्षणीय आहे. सिकलसेलच्या रुग्णाचं रक्त सतत कमी राहतं. नुसता वाहक असलेल्याला सहसा हा त्रास नसतो. घरात कुणाला सिकलसेल असेल आणि तुमची तपासणी झाली नसेल, तर सरकारी दवाखान्यात ती करून घ्या.

*पाणी आणि मीठ.* मे महिन्याचं ऊन किंवा रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून केलेलं दिवसभराचं काम. घामावाटे पाणी आणि क्षार जातात, रक्ताचं आकारमान घटतं, नाडी वाढते. उभं राहिल्यावर धडधड आणि डोळ्यांपुढे अंधारी, बसल्यावर बरं, असं होत असेल तर हा संशय धरा. अशा वेळी नुसत्या पाण्याऐवजी ओआरएस किंवा मीठ घातलेलं ताक जास्त उपयोगी. मात्र किडनीचा, हृदयाचा किंवा बीपीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

*थायरॉइड.* जास्त चालणारं थायरॉइड नाडी वाढवतं. वजन उतरणं, हात थरथरणं, गरम सहन न होणं ही सोबतची लक्षणं. थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त झाला तरी तेच होतं.

*औषधं आणि चहा.* दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, एनर्जी ड्रिंक, उपाशीपोटी लागोपाठ कडक चहा, दारू. दारूची धडधड तर दुसऱ्या दिवशी सकाळीही येते.

*बाईच्या आयुष्यातले टप्पे.* गरोदरपणात आणि पाळी जाण्याच्या काळात धडधड वाढणं नेहमीचं आहे. तरी रक्त आणि थायरॉइड तपासणं टाळू नये.

थोडक्यात, ईसीजी आणि इकोसोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि रक्तातलं पोटॅशियम एवढं झालंय का, ते फाईल उघडून बघा. नसेल तर डॉक्टरांना विचारा.

पुढची तपासणी कुणाला लागते?

धडधड आठवड्यातून बऱ्याचदा होत असेल तर 'होल्टर' नावाचं छोटं मशीन २४ ते ४८ तास छातीला लावतात. महिन्यातून एखाद्या वेळीच होत असेल तर त्यात काही सापडण्याची शक्यता कमी. तेव्हा जास्त दिवसांची नोंद लागते, किंवा धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढणं हा सोपा मार्ग.

होल्टरमध्ये जादा ठोके मोजले जातात. थोडे असतील तर चिंता नसते. एकूण ठोक्यांच्या साधारण १० टक्क्यांहून जास्त असतील तर हृदयरोगतज्ज्ञ लक्ष ठेवतात.

दोन प्रकार मात्र वेगळे ओळखा. बटण दाबल्यासारखी अचानक सुरू होऊन तशीच अचानक थांबणारी, मिनिटाला १५० च्या वर जाणारी धडधड ही विजेच्या जादा वाटेमुळे असू शकते आणि तिच्यावर चांगला उपचार आहे. आणि उतारवयात पूर्ण बेताल, कसलाच ठेका नसलेली नाडी लागली तर लगेच दाखवा. त्यात मेंदूत रक्ताची गुठळी जाण्याचा धोका असतो.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची वही न्या. तारीख, वेळ, किती मिनिटं, त्याआधी काय करत होता, काय खाल्लं होतं, किती झोप झाली होती. धडधड कशी होती ते टेबलावर बोटाने वाजवून दाखवा. हा ठेका डॉक्टरला बरंच काही सांगतो.

भीतीचं चक्र

अमेरिकेच्या यादवी युद्धात जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी धडधड, छातीत दुखणं आणि दम लागणं अशी तक्रार असलेले सैनिक तपासले. हृदयात दोष सापडत नव्हता, त्रास मात्र खरा होता. त्यांनी १८७१ मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि पुढे या त्रासाला 'सैनिकाचं हृदय' असं नाव पडलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये थॉमस लुईस यांनी अशा सैनिकांना टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेला व्यायाम दिला.

चक्र असं चालतं. एक जादा ठोका पडतो. मन म्हणतं, 'अटॅक तर नाही?' भीतीने ॲड्रेनॅलिन सुटतं. ॲड्रेनॅलिनने नाडी वाढते आणि जादा ठोकेही वाढतात. मन म्हणतं, 'बघ, म्हटलं नव्हतं?' मग माणूस दिवसातून वीस वेळा नाडी बघतो, जिना टाळतो, एकटा बाहेर जात नाही. हालचाल कमी झाल्याने शरीर सुटतं आणि थोड्या कामानेही नाडी पळते. धडधडीपेक्षा हे आकसलेलं जगणं जास्त नुकसान करतं.

धडधड सुरू झाली की

१. बसा. 'तपासण्या झाल्यात, हे ओळखीचं आहे' असं स्वतःला सांगा.

२. चार मोजेपर्यंत नाकाने श्वास आत, सहा मोजेपर्यंत हळू बाहेर. पाच मिनिटं. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. लांब उच्छ्वासाने नाडी सावकाश होते.

३. नाडी, घड्याळ, ऑक्सिमीटर बघू नका. मोबाईलवर शोधू नका.

४. हातातलं काम पुन्हा सुरू करा. धडधड थांबायची वाट बघत बसू नका. भीतीचा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला पोचतो आणि मग उतरतो.

५. मानेवरची नस स्वतः दाबू नका.

रोजच्या दिवसात

रोज चाला. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग हळूहळू अर्धा तास. चालताना नाडी वाढणारच, ते हृदयाचं कामच आहे. झोपेची वेळ ठरवा, दुपारनंतरचा चहा कमी करा. नाडी बघायची सवय एकदम सुटत नसेल तर दिवसातून एकदाच, ठरल्या वेळी बघा आणि ती वेळही हळूहळू सोडून द्या.

भीतीमुळे काम, झोप किंवा घराबाहेर पडणं थांबलं असेल तर मानसोपचाराची मदत घ्या. विचार आणि वागणूक बदलण्याची सीबीटी ही पद्धत अशा त्रासात उपयोगी पडते. १४४१६ या 'टेली मानस' क्रमांकावर मोफत बोलता येतं. इथे गेलं म्हणजे 'वेडा ठरलो' असं काही नाही. नाडी सावकाश करणाऱ्या गोळ्याही असतात, पण दुसऱ्याला दिलेली गोळी घेऊ नका. दमा असेल तर ती घातक ठरू शकते.

घरच्यांसाठी एकच सांगणं. "तुला काही झालेलं नाही" असं म्हणू नका. "त्रास होतोय हे दिसतंय, तपासण्या बऱ्या आहेत, चल जरा फिरून येऊ" एवढं पुरतं.

हे दिसलं तर थांबू नका

धडधडीसोबत बेशुद्ध पडणं, छातीत दाब किंवा डाव्या हातात-जबड्यात कळ, बसल्या जागी दम लागणं, घाम फुटून अंग गार पडणं, किंवा ऐन धावताना-कष्ट करताना चक्कर. यातलं काहीही असेल तर जुना नॉर्मल रिपोर्ट बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. घरात चाळिशीच्या आत कुणी अचानक दगावलं असेल, तर त्रास किरकोळ असला तरी हृदयरोगतज्ज्ञांना ते सांगा.

बाकीच्यांनी एवढं लक्षात ठेवावं. धडधड पूर्ण थांबेलच असं नाही, पण तिची भीती कमी करता येते. आणि भीती कमी झाली की बहुतेकांची धडधडही मागे पडत जाते. कधीतरी लक्षात येतं की गेल्या आठवड्यात नाडी बघायची आठवणच झाली नाही.