आधी चाचणी, मागाहून कायदा

अमेरिकेने २००८ साली ‘जनुकीय माहिती भेदभावबंदी कायदा’ केला. तिथे तो ‘गिना’ या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो. कलमे आणि दंड सुरू होण्याआधीच या कायद्यात एक कबुली नोंदवलेली आहे. ‘सदोष’ ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करणारे कायदे आपल्याच राज्यांनी केले, त्यांतला पहिला इंडियानाचा, १९०७ सालचा. पुढे सत्तरच्या दशकात सिकलसेलच्या नावाखाली कृष्णवर्णीयांवर चाचण्या लादल्या गेल्या. हे सगळे त्यात लिहून ठेवले आहे. या कायद्याचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात सिकलसेलपासूनच करावी लागते.

हा आजार रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या रचनेत झालेल्या बदलामुळे होतो, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आला तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आला तर ते फक्त वाहक असते आणि बहुधा आयुष्यभर धडधाकट राहते. साठच्या दशकाच्या अखेरीस स्वस्त, झटपट चाचण्या आल्या आणि रुग्ण व वाहक यांतला हा फरक पुसला गेला. अनेक राज्यांनी चाचणी सक्तीची केली. काही कायद्यांच्या मसुद्यातच वाहकाला रुग्ण समजण्याची चूक होती. निकाल गुप्त ठेवण्याची तरतूद बहुतेक ठिकाणी नव्हती. परिणाम व्हायचा तोच झाला. धडधाकट तरुणांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढले. हवाई दलाच्या अकादमीची दारे वाहकांना १९८१ पर्यंत बंद होती. १९७२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) चाचणी ऐच्छिक असेल तरच केंद्राचा निधी मिळेल असा कायदा केला. १९७५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने सिकलसेल वाहकांना नोकरीत संरक्षण दिले. जनुकावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धच्या कायद्यांचे मूळ तिथे आहे. हक्क मिळाला, पण लोक पोळल्यानंतर.

पुढेही तसेच घडत राहिले. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत घेतलेल्या रक्त-लघवीच्या नमुन्यांवर कर्मचाऱ्यांना न सांगता सिफिलिस, गर्भधारणा आणि कृष्णवर्णीय असतील तर सिकलसेल, अशा चाचण्या केल्या. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने कर्मचाऱ्यांचा दावा उचलून धरला. बर्लिंग्टन नॉर्दर्न सँटा फे रेल्वेचे प्रकरण तर अधिक संतापजनक आहे. रुळांवर काम करून मनगटाच्या नसा दुखावलेल्या कामगारांनी भरपाई मागितली, तेव्हा कंपनीने त्यांचे रक्त घेऊन गुपचूप जनुकीय चाचणी केली. दुखणे कामामुळे नव्हे, जन्मजात दोषामुळे झाले असे दाखवता आले असते, तर भरपाईची जबाबदारी टळली असती. एका कामगाराच्या पत्नीला, ती परिचारिका होती, इतक्या नळ्या भरून रक्त कशाला हवे, हा प्रश्न पडला आणि प्रकरण बाहेर आले. २००१ मध्ये समान रोजगार संधी आयोग न्यायालयात गेला. पुढच्या वर्षी कंपनीने २२ लाख डॉलर देऊन तडजोड केली. आयोगाला तेव्हा अपंगांसाठीच्या १९९० च्या कायद्याचा आधार घ्यावा लागला. ज्याला अजून काहीच झालेले नाही, फक्त पुढे होण्याची शक्यता आहे, त्याच्यासाठी तो कायदा नीट पुरत नव्हता.

ही पोकळी भरण्यासाठी प्रतिनिधिगृहाच्या न्यूयॉर्कमधील सदस्य लुईस स्लॉटर १९९५ पासून विधेयक मांडत होत्या. त्या मुळात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधर. तेरा वर्षांनी विधेयक प्रतिनिधिगृहात ४१४ विरुद्ध १ मतांनी आणि सिनेटमध्ये एकही विरोधी मत न पडता संमत झाले. जनुकीय चाचणीचा निकाल किंवा घरातल्या आजारांचा इतिहास वापरून नोकरी किंवा आरोग्य विमा नाकारता येत नाही, हे त्याचे सार. कुटुंबाचा वैद्यकीय इतिहास हीसुद्धा जनुकीय माहितीच, हे या कायद्याने मान्य केले, हे मला त्यातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. पण आयुर्विमा, अपंगत्व विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा त्यातून वगळले आहेत, आणि पंधरापेक्षा कमी कर्मचाऱ्यांच्या आस्थापनाही.

आपल्याकडे असा कायदाच नाही. आयुर्विम्याच्या अर्जात आई-वडील आणि भावंडांचे आजार आजही सर्रास विचारले जातात. दिल्ली उच्च न्यायालयात न्या. प्रतिभा सिंह यांनी २६ फेब्रुवारी २०१८ रोजी युनायटेड इंडिया इन्शुरन्सच्या एका पॉलिसीधारकाच्या बाजूने निकाल दिला. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या त्याच्या आजाराचा दावा ‘जनुकीय विकार’ म्हणून फेटाळला गेला होता. असे सरसकट वगळणे समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असे न्यायालयाने म्हटले. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब, सगळ्यांतच आनुवंशिकतेचा वाटा असतो. मग विमा उरतो कशाचा? पुढच्याच महिन्यात विमा नियामकाने या कारणावरून आरोग्य विम्याचे दावे फेटाळू नयेत असे परिपत्रक काढले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. नोकरीच्या प्रश्नाला मात्र अजून कोणी हात घातलेला नाही.

आणि चाचण्या तर सुरू झाल्या आहेत. जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील शहडोलमधून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे लक्ष्य. गडचिरोली, नंदुरबारसह विदर्भ-खानदेशातली आदिवासी गावे तिच्या कक्षेत येतात. ही मोहीम हवीच. वेळेवर निदान झाले तर मुलांचे जीव वाचतात. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा रुग्ण येतो, वाहक येत नाही. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकेत नेमका वाहकच भरडला गेला होता.

नमुना शोधायला लांब जायला नको. आपल्याच संसदेने २०१७ मध्ये एचआयव्हीबाधितांसाठी केलेला कायदा संमतीशिवाय चाचणीला मनाई करतो, नोकरीसाठी चाचणीची अट घालू देत नाही आणि निकाल गुप्त ठेवण्याचे बंधन घालतो. तीच कलमे जनुकीय चाचण्यांना लागू करा, आणि वाहकांचा उल्लेख त्यात स्पष्ट शब्दांत करा. ७ कोटी लोकांचे रक्त तपासणाऱ्या सरकारने त्यांच्यासाठी एवढे तरी करावे, ही मागणी गडचिरोलीच्या आमदारापासून दिल्लीच्या खासदारापर्यंत सगळ्यांपुढे आता मांडली पाहिजे.