देवगिरीची द्राक्षवेल आणि मंठ्याचें पाणी

द्राक्षांचा मुलूख म्हटला कीं महाराष्ट्रांतल्या मनुष्याच्या डोळ्यांसमोर प्रथम नाशिक उभें राहतें. फार तर तासगांवची आठवण होते. परंतु दक्षिणेंतील द्राक्षवेलीचा एक फार जुना आणि बोलका दाखला मराठवाड्यांतला आहे. इ. स. १३२७ मध्यें महंमद तुघलकानें दिल्लीची राजधानी देवगिरीस नेली व त्या स्थळास दौलताबाद हें नांव दिलें. दहा वर्षें होण्यापूर्वींच ती राजधानी पुन्हां दिल्लीस गेली. पुढें १३४२ सालीं सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघालेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादेवरून गेला. त्यानें आपल्या प्रवासवृत्तांत येथील द्राक्षें व डाळिंबें यांची नोंद केली आहे, आणि हीं फळें वर्षांतून दोनदां येतात असेंही लिहिलें आहे. राजाज्ञेनें आलेलें वैभव राजाज्ञेनेंच गेलें. बाग मात्र मागें राहिली.

वर्षांतून दोनदां फळ, हें ऐकून थंड देशांतल्या बागवानास नवल वाटेल. तिकडे हिवाळ्यांत द्राक्षवेल पानें टाकून निजते व वसंतांत जागी होते. आपल्याकडे तिला निजविणारी थंडीच नाहीं. म्हणून तें काम माळ्याची कात्री करते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करावयाची, म्हणजे नव्या काड्या फुटतात व उन्हाच्या तापानें त्यांच्या डोळ्यांत घडाचें बीज तयार होतें. मग ऑक्टोबरांत गोडी छाटणी केली कीं फाल्गुन-चैत्रांत घड पिकतात. जुन्या काळीं दोन्ही छाटण्यांनंतर फळ घेत. पावसाळ्यांतलें तें आंबट आणि उन्हाळ्याच्या तोंडचें तें गोड. आज शहाणा बागाईतदार पहिल्यावर पाणी सोडतो व दुसऱ्यावरच वेलीची सारी शक्ति लावतो. पूर्वी वेल चढविण्यासाठीं तारांचे मांडव नव्हते; पांगाऱ्याचे जिवंत खुंट रोवून त्यांवर ती चढवीत. विहिरीवर मोट, मोटेखालीं पाट आणि पाटाच्या कडेला पांगारा, असें त्या बागेचें रूप असे.

या सर्वांचें मूळ पाण्यांत आहे. १६१० च्या सुमारास मलिक अंबरानें खडकी वसविली, तीच पुढें औरंगाबाद झाली. त्या शहरास त्यानें जमिनीखालच्या नहरींनीं डोंगराकडचें पाणी आणून दिलें. बागा आणि हौद त्या पाण्यावर पोसले. जालन्याकडेही फळबागांची परंपरा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाडहून जालन्यावरून हैदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची आगगाडी सुरू झाली, आणि नाशवंत फळाला लांबची बाजारपेठ जवळ आली.

द्राक्ष म्हटलें कीं मद्याचा विषय निघतोच. या भूमीला तोही अगदीं अनोळखी नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटलें असून, कापिशायन व हारहूरक हीं त्याचीं नांवें उत्तरेकडील प्रदेशांवरून पडलीं असें सांगितलें आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथांत भडोच बंदरीं इटलीची मदिरा उतरत असे असें म्हटलें आहे, आणि त्याच बंदराकडे पैठण व तगर येथून गाड्यांनीं माल येई असेंही नमूद केलें आहे. नेवाशाच्या उत्खननांत भूमध्य समुद्राकडील कुंभांचीं खापरें सांपडलीं, तेव्हां त्या व्यापाराचा एक पुरावा गोदावरीच्या खोऱ्यांतच मिळाला. तरी सामान्य जनांत हें पेय रुजलें नाहीं. गोरगरिबांत शिंदी आणि मोहाची दारू चाले. आणि मद्याचें नांवही न काढणाऱ्या सोंवळ्या घरांत द्राक्षासवाची बाटली मात्र फडताळांत असे! धायटीच्या फुलांनीं आंबविलेलें तें औषध आजीबाई आजाऱ्याला चमच्यानें पाजीत, आणि त्यांत कोणाला विसंगति दिसत नसे. अलीकडे काळ पालटला. १९८० नंतर नारायणगांवास मद्यनिर्मितीचा मोठा उद्योग उभा राहिला व २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें द्राक्षप्रक्रियेचें धोरण जाहीर केलें. त्यानंतर नाशिककडे मद्यनिर्मितीचे कारखाने वाढले.

मंठा या सर्व वैभवाच्या पूर्वेस, जालन्याहून परभणीकडे वळणाऱ्या मुलखांत आहे. उत्तरेस पूर्णा, दक्षिणेस परतूरच्या बाजूनें दुधना, आणि मध्यें काळी जमीन. परतूरचा हा प्रांत पूर्वीं परभणी जिल्ह्यांत मोडे. १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा झाला, तेव्हां तो इकडे आला. कापूस, तूर, ज्वारी हीं येथलीं पिकें. थंडीच्या दिवसांत शेताच्या बांधावर हुरड्याची आगटी पेटावी, शेजारीपाजारी गोलाकार बसावेत, लसणाची चटणी आणि गूळ पुढें यावा, हाच इथला खरा उत्सव. याच जिल्ह्यांत, घनसावंगीकडील जांब गांवीं, १६०८ सालीं समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांनीं बागेंत लावावयाच्या झाडांवर एक स्वतंत्र प्रकरणच रचलें आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. बाग हा ऐषाराम नसून संसाराचा व लोकवस्तीचा भाग आहे, ही समजूत या मातींत जुनी दिसते.

द्राक्षाच्या जोडीला, किंबहुना त्याहून अधिक, जालन्याचें नांव आज मोसंबीनें झालें आहे. या फळाचें नांव आफ्रिकेंतील मोझांबिकवरून पडलें असें मानतात. २०१६ सालीं जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु हा मान मिळण्यापूर्वीं तीन-चार वर्षें, म्हणजे २०१२-१३ च्या अवर्षणांत, याच जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. ज्या झाडास पोटच्या पोराप्रमाणें वाढविलें, त्याच्या बुंध्यावर कुऱ्हाड चालविण्याची पाळी शेतकऱ्यांवर आली. कपाशी बुडाली तर एक हंगाम बुडतो. बाग बुडाली तर दहा-पंधरा वर्षांची मेहनत जाते.

त्याच दुष्काळांत जालन्याजवळचें कडवंची गांव हिरवें राहिलें, म्हणून दूरदूरचे लोक तें पाहावयास गेले. १९९६ ते २००२ या काळांत तेथें पाणलोट क्षेत्राचें काम झालें होतें. खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनानें गांवकऱ्यांनीं माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली, पावसाचें पाणी जागच्या जागीं जिरविलें, आणि मग द्राक्षवेलीला हात घातला. आधीं पाणी, मग वेल, हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पुढें तेथें शेकडों शेततळीं झालीं. परंतु येथेंच एक धोकाही आहे. शेततळें पावसानें भरलें तर तें पुण्य. तेंच विहिरीचें पाणी उपसून भरलें, तर शेजाऱ्याच्या विहिरीचा झरा आपल्या तळ्यांत आणून उन्हांत वाळविण्यासारखें होतें. महाराष्ट्रांत अनेक ठिकाणीं हा प्रकार अभ्यासकांच्या नजरेस आला आहे.

मंठ्याच्या शेतकऱ्यानें द्राक्ष लावावें, मोसंबी लावावी, कीं कापूस-तुरीवरच राहावें, हा ज्याच्या त्याच्या जमिनीचा व ऐपतीचा प्रश्न आहे. सुलतानाच्या फर्मानानें दौलताबादची राजधानी टिकली नाहीं, आणि नुसत्या सरकारी धोरणानें कोठेंही बाग टिकणार नाहीं. हुरड्याच्या आगटीभोंवतीं जे शेजारी एकत्र बसतात, त्यांनींच एकदां विहिरींच्या पाण्याचा हिशेब मांडून कोणीं किती उपसावें हें ठरविलें, तर पूर्णा-दुधनेच्या या दुआबांत फळझाडाला पुन्हां निर्धास्तपणें मूळ धरतां येईल.