धूळपाटीपासून एका पानाच्या चाचणीपर्यंत

पंतोजींच्या शाळेत परीक्षेचा ठरलेला दिवस नसे. मूल पाटीवर धूळ पसरून मुळाक्षरे गिरवी आणि वळण पंतोजींच्या मनास आले की पुढचे अक्षर मिळे. त्यामुळे एकाच ओसरीवर प्रत्येकाची इयत्ता निराळी असे. बाराखडी, जोडाक्षरे संपली की मोडी. तिचा कस खऱ्या पत्रांवर आणि खर्ड्यांवर लागे. अनोळखी हाताचा कागद न अडखळता वाचता आला की मूल वाचते झाले. घरी संध्याकाळी परवचा होई, पण त्यात पाठांतर तपासले जाई, वाचन नव्हे.

1855 साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते आले आणि परीक्षक बाहेरचा झाला. इंग्लंडने 1862 च्या नियमावलीत शाळांचे अनुदान वाचन, लेखन व गणित यांच्या निकालाला बांधले होते. मुंबई इलाख्यानेही अनुदानित शाळांसाठी निकालावर पैसे देण्याची पद्धत स्वीकारली. तिचा दोष इंग्लंडमध्ये मॅथ्यू आर्नल्ड यांनी दाखवला. ते स्वतः शाळा तपासनीस होते. नेमलेले पुस्तक पाठ करून मूल वाचनात उत्तीर्ण होई, त्याला दुसरे पान वाचता येत नसले तरी. खर्ड्यांच्या परीक्षेत ही पळवाट नव्हती.

ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापला. त्यांच्या बालशिक्षणात परीक्षेपेक्षा निरीक्षणाला महत्त्व होते. सरकारी प्राथमिक शाळांची घडी मात्र त्याने फारशी बदलली नाही.

2005 पासून ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीने चाचणी घरोघरी नेली. मुलाला आधी छोटा परिच्छेद देतात. तो वाचला तर गोष्ट, नाही तर शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरे. पाच शब्दांपैकी चार बरोबर आले की ती पायरी पार. साधी, स्वस्त आणि पालकांसमोर होणारी ही चाचणी आहे. मजकूर अनोळखी असल्याने पाठांतराला वावही नाही.

ही मोजपट्टी मुख्यतः वाचनाची आहे. लेखनाची तपासणी बहुतेक शाळांत अजून श्रुतलेखनावरच चालते. तिथे ‘पाणी’ऐवजी ‘पाण’ लिहिणारे मूल सरसकट चुकते. खरे तर त्याला दोन अक्षरे आणि काना येतो, राहिली आहे ती फक्त वेलांटी. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी 1960 च्या दशकात पाच वर्षांच्या मुलांचे वाचन-लेखन जवळून न्याहाळले, ते अशाच अर्धवट जमलेल्या गोष्टी टिपत. गुणपत्रिकेत त्यांना रकाना नसतो.